कोपराचा खळगा

"हात ठेव. डोळे मीट. आता सांग, कोण कुठं निजतं?"

अब्बांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नऊ वर्षांची होते. माझा तळहात एका जुन्या गादीवर होता आणि माझ्या हातावर त्यांचा हात. त्यांच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, त्यामुळे ते मला कायम म्हातारेच वाटायचे.

"हिकडं जड माणूस," मी म्हणाले. "तिकडं हलकं."

"अजून?"

"मधी काहीतरी बारकं."

"लेकरू. शाब्बास. आता उसव."

जुनी गादी उसवण्याआधी तिच्यावरून असा हात फिरवायचा, ही आमच्या घरची रीत. कापूस कुठं दबलाय, कुठं गोळे झालेत, कुठं नवा घालावा लागेल, हे खोळ फाडल्यावर कळत नाही. त्याआधीच कळतं. पण हाताला तेवढंच कळतं असं नाही. कोण भिंतीकडं तोंड करून निजतं, कोण कडेला अंग चोरून, कुठल्या घरात माणूस गेल्यावरही त्याची जागा कुणी घेतलेली नाही, सगळं कळतं. म्हणून अब्बांचा दुसरा नियम होता. "गिऱ्हाईक गादी देतं म्हणजे घराची किल्ली देतं. किल्ली मिळाली म्हणून कुणी आत शिरत नाही. जे हाताला कळलं ते हातातच ठेवायचं."

हा नियम मी एकदाच मोडला. त्यालाही आता पंधरा वर्षं होत आली. त्यानंतर घोडके नवरा-बायकोची गादी मी तीन वेळा पिंजली, दोघांनी मिळून आणून दिलेली. पण ही गोष्ट पहिल्या वेळची.

बार्शीत आमचं दुकान लहानसंच. पुढच्या खोलीत कापड आणि तयार माल, मागच्या खोलीत पिंजायची मशीन. अब्बा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टांगून ठेवली होती, तिची तात सैल पडलेली. मी पस्तिशीची होते आणि एकटीच दुकान बघत होते.

चैत्रातली सकाळ. दारात टेम्पो थांबला आणि आधी आवाज उतरला.

"जुबेदा, बाई, दोन गाद्या करून दे मला. एकेरी. एक ह्यांची, एक माझी. ह्या जुनीतलाच कापूस घे, कमी पडंल तो नवा घाल."

मग शेवंताकाकू उतरल्या. गोल चेहरा, जाड मान, डोळ्यांखाली काळं. बोलता बोलता जांभई, आणि जांभई संपायच्या आत पुढचं वाक्य. त्यांच्या मागून घोडकेकाका गादीचं एक टोक धरून खाली आले. काटकुळे, उंच, कमरेला डॉक्टरी पट्टा. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या फाटकावर काढलेली.

"एकच कर," ते म्हणाले. "मोठी. आहे तशी."

"झालं सुरू!" काकू पोत्यावर टेकल्या. "घरून निघताना काय ठरलं होतं?"

"तू ठरवलं होतंस."

"मग? ह्यांना डॉक्टरनं सांगितलंय, फळीसारखं कडक पाहिजे. माझं खुब्याचं हाड दुखतंय, मला लोण्यासारखं पाहिजे. एका गादीत लोणी अन् फळी कसं बसवणार? पुण्याची पोरगी म्हणाली, आई, दोन पलंग करा. आजकाल सगळेच करतात."

"पोरगी झोपायला येती का आपल्याकडं?"

"आली तर तिलापण कोपर माराल!"

मी हसले. काकूंना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी पदर बाजूला करून बरगडीखालची जागा बोटानं दाखवली.

"बरोबर हितं, जुबेदा. सहा वर्षं झाली. जरा डोळा लागला की खुपसलंच कोपर. पुन्हा डोळा लागला की पुन्हा. एका रात्रीत किती वेळा, मोजदाद नाही. फाटकावर होते ना नोकरीला, ह्यांना वाटतं मीच आगगाडी. हिरवा दिवा दाखवल्याबिगर पुढं जाऊच देत नाहीत."

"झोपंत लागत असंल," काका गादीची घडी घालत म्हणाले.

"झोपंत! झोपलेल्या माणसाचा नेम एवढा धरतो व्हय?"

चहा आला. काकूंनी कप हातात घेतला, दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला त्यांची हनुवटी छातीवर टेकली. सकाळचे दहा वाजले होते. कप तिरका झाला. काकांनी तो न बघताच त्यांच्या हातातून काढून घेतला, जसं उकळतं दूध सवयीनं उतरवतात तसं. मग जरा थांबून त्यांनी काकूंना कोपरानं ढोसलं.

"बघ!" काकू दचकून जाग्या झाल्या. "दिवसाढवळ्या!"

मी दोन एकेरी गाद्यांची नोंद केली.

ते गेल्यावर मी गादी जमिनीवर अंथरली आणि डोळे मिटून हात ठेवला.

काकूंची बाजू सरळ होती. लांबसा, मऊ खळगा, नदीच्या वाळूत होडी टेकवून उचलल्यासारखा. काकांच्या बाजूला आले आणि हात थबकला. तिथं पाठच नव्हती. ही गादी पिंजून पाच वर्षं झाली होती; एवढी वर्षं माणूस एका जागी निजला की त्याची पाठ कापसात उतरतेच. इथं कमरेच्या हाडाचा एक खड्डा होता, आणि मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर एक लहान, खोल खळगा. वाटीएवढा. त्यातला कापूस दबून सुपारीसारखा टणक झालेला.

मी पुन्हा हात फिरवला. मग आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गादीवर आडवी झाले. कूस वळवली, हात दुमडला, आणि माझं कोपर आपोआप त्या वाटीत जाऊन बसलं. तळहात गालाखाली आला. तोंड काकूंच्या खळग्याकडं.

म्हणजे हा माणूस निजत नव्हता. कोपरावर रेलून रात्रभर बायकोच्या तोंडाकडं बघत होता.

असं बघणारा एक माणूस मला माहीत होता. लातूरला माझी चार वर्षं त्याच्याबरोबर गेली. मी झोपेत हसले, पुटपुटले, नुसती कूस बदलली तरी त्याचा अंगठा माझ्या पोटरीत रुतायचा. "कुणाचं स्वप्न बघत होतीस?" चौथ्या वर्षी मी एक ट्रंक घेऊन अब्बांकडं आले. अब्बांनी काही विचारलं नाही. त्या रात्री माझं अंथरूण त्यांनी स्वतः घातलं, नव्या सावरीच्या कापसाचं, आणि आई दाराआडून हळू आवाजात ओवी म्हणत राहिली:

धनुकली वाजे, तिचा घुमतो गं सूर
शिणल्या जिवाला, पडो दिसाचा विसर

मी त्या वेळी सलग चौदा तास झोपले होते.

त्या वाटीएवढ्या खळग्यातून मी उठले, खोळ उसवली आणि कापूस मशीनवर घातला. काकूंच्या गादीत नवा कापूस जरा जास्तच घातला.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच आले. पोत्यावर बसायला त्यांना वेळ लागला.

"पोरी, एक विचारायचं होतं. एकाच खोळीत अर्धं कडक, अर्धं मऊ, असं नाही का होत?"

होतं. अब्बांनी तशा तीन गाद्या केलेल्या मला आठवतात. एका अंगाला जुना, जड कापूस ठासून जवळ जवळ टाके घ्यायचे. दुसऱ्या अंगाला नवा, हलका, टाके लांब. मधल्या चार बोटांत दोन्ही कापूस थरावर थर देऊन मिसळायचे, म्हणजे शिवण खुपत नाही आणि कुणी कुणाकडं घसरत नाही. तिसरीचे मधले टाके मीच घातले होते. अब्बांनी हात फिरवून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, शीव कुठंय ते मलाही कळंना.

"नाही होत, काका," मी म्हणाले. "कापूस कापसात सरकतो. टाका धरत नाही."

कारागिरानं आपल्या कामाबद्दल खोटं बोलू नये, हे मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

त्यांनी ते खरं मानलं. मशीन थांबवलेली होती, तरी ते कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखे.

"फाटकावर गाडी कशी कळायची, ठाऊकाय?" मग ते म्हणाले. "घंटी कधी वाजायची, कधी न्हाई. आवाजानंसुद्धा न्हाई कळायचं. आधी रातकिडे थांबायचे. टिटवी असली तर ती थांबायची. सगळं एकदम गप झालं की समजायचं, आली. माझा कान तेवढ्यालाच तयार झाला. आवाजाला मी जागा होत न्हाई. आवाज थांबला की होतो."

मी सुई ओवत होते. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी दुकानात बऱ्याच ऐकाव्या लागतात.

"दोन पलंगांत किती जागा सोडावी लागंल?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सोडाल तेवढी."

"हात पुरला पाहिजे." त्यांनी उजवा हात लांब करून पाहिला. कमरेत कळ आली असावी, कारण तो त्यांनी तसाच हळूहळू जवळ घेतला. "एवढा तर पुरतो."

मला राहवलं नाही. "काका, काकूंना झोपू द्या की जरा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"झोपूच देतो की," ते म्हणाले, आणि दाराची चौकट धरून उठले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं गाद्या न्यायला आली. टेम्पो तासाभरानं येणार होता. वीज गेली होती. मशीन बंद, पंखा बंद, पेठेतली पिठाची गिरणीही बंद. उन्हासाठी मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. आत कापसासारखी मऊ सावली.

अब्बांची आणखी एक रीत मी चालू ठेवली होती. गिऱ्हाईक निजून बघितल्याशिवाय गादी उंबरा ओलांडत नसे.

"काय बाई, दुकानात निजायचं?" काकू लाजल्या. "ह्या वयात तमाशा."

"शटर खाली आहे, काकू. कुणी येत नाही."

"ह्यांना बाहेर काढ मग."

"मी हितंच बसतो," काका म्हणाले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले.

काकू मऊ गादीवर आधी बसल्या, मग हातानं चाचपत आडव्या झाल्या. "अगं आई गं," एवढंच म्हणाल्या. तोंडावर असं समाधान आलं की माझा अंदाज बरोबर निघाला असं मला वाटलं. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. मिनिटभरात घोरायला लागल्या.

"लागली बघ," काका हळू आवाजात म्हणाले.

"लागू दे."

मी कडक गादीच्या कडेचा शेवटचा टाका घेत होते. काकूंचं घोरणं खोलीभर पसरलं, जडशीळ, जात्याच्या घरघरीसारखं. काका मला टेम्पोवाल्याचं सांगत होते. तो आधी माल घेऊन वैरागला गेलाय, तिकडून येताना इकडं थांबेल, पोरगा बरा आहे, पण गाडी फार जोरात—

ते मधेच थांबले.

मी वर पाहिलं. त्यांचं तोंड अर्धं उघडं होतं. नजर माझ्यावर नव्हती, कशावरच नव्हती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मला प्रथम इतकंच जाणवलं की खोली छान शांत झाली आहे. काकूंचं घोरणं थांबलं होतं. आता खरी गाढ झोप लागली असेल, असं मला वाटलं.

काका उठले. कंबर धरली, तसेच वाकलेले काकूंकडं निघाले. मी टाका सोडून त्यांच्या आडवी आले.

"नको, काका."

"सर बाजूला."

"आजच्या दिवस तरी नको. पाया पडते तुमच्या." मी त्यांचं मनगट धरलं. काडीसारखं मनगट, पण त्यात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सतरा," ते म्हणाले. "सोड, पोरी. अठरा."

त्यांनी हात हिसडला आणि गुडघ्यांवर पडले. तसेच सरकत मऊ गादीवर गेले आणि कोपर काकूंच्या बरगडीत खुपसलं.

काकूंच्या घशातून असा आवाज आला, जसा विहिरीत तळापर्यंत बुडी मारलेलं माणूस वर येताना करतं. सगळं अंग उचललं गेलं. पदर तोंडावरून घसरला. मी त्यांचे ओठ पाहिले. जांभळं खाल्ल्यावर होतात तसे झाले होते. मग खोकला, मग आणखी एक श्वास, मग रंग हळूहळू परत आला.

काकूंनी डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग नवरा.

"हितंबी?" त्या म्हणाल्या. "अहो, लोकाच्या दुकानातबी? पाच मिनिटं, पाच मिनिटंसुद्धा..." त्या उठून बसल्या आणि माझ्याकडं वळल्या. "बघितलंस ना डोळ्यांनी? आता तूच सांग. माझं तर हे ऐकतच न्हाईत. बाईमाणूस म्हणून तू तरी सांग ह्यांना!"

काका गुडघ्यांवरच होते. दोन्ही हात गादीवर टेकलेले, श्वास धपापत होता. मान खाली. ते काही बोलणार नव्हते. सहा वर्षं बोलले नव्हते, तसेच आजही दोन्ही गाद्या टेम्पोत घालून गेले असते आणि दोन पलंगांत हातभर जागा सोडली असती.

मी म्हणाले, "काकू, ह्यांच्या बाजूला पाठीचा खळगा नाही."

"काय?"

"जुन्या गादीत. तुमचा खळगा सबंध आहे. ह्यांचा फक्त कोपराचा आहे, वाटीएवढा. हे निजतच नाहीत."

मी अब्बांच्या धनुकलीकडं न बघता उरलेलं बोलून टाकलं.

"आणि एका खोळीत कडक-मऊ होतं. मी काल काकांशी खोटं बोलले. परवापर्यंत करून देते."

पण त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या नवऱ्याकडं वळल्या होत्या. त्यांच्या कमरेचा पट्टा, त्यांचे टेकलेले हात, उजव्या कोपरावरचं काळं पडलेलं, घट्ट झालेलं कातडं, सगळं नव्यानं बघत असल्यासारख्या.

"निजत न्हाई म्हंजे? मग रातभर करता काय?"

काका गादीची कड चाचपत राहिले.

"अहो, मी काय विचारते?"

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, घंटी एकदा वाजली आणि थांबली. काकांनी मान वर केली.

"तू मधीच श्वास सोडून देतीस, शेवंता."

त्यांनी काकूंना नावानं हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. काकूंचा हात आपसूक बरगडीवर गेला, त्या रोजच्या जागेवर.

"घोरतीस, घोरतीस, आन् एकदम थांबतीस. मी वीस अंक मोजतो. कधी तुझा तूच घेतीस. न्हाईच घेतलास तर कोपर मारतो. डॉक्टरला इचारलं, तो हसला. म्हणला, बायका घोरतातच."

"सहा वर्षं?"

"पोरीच्या लग्नाच्या आधीपासनं."

"अन् मी गावभर तुमच्या कोपराचं सांगत सुटले. मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

काका काकूंच्या तोंडाकडं बघत राहिले. रोज रात्री बघत असतील तसेच.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू निजायलाच भ्याली असतीस."